पदवी हाती येईल, पण जगाची खबर किती?

नगरच्या मुकुंदनगरात आमचे एक जुने स्नेही राहतात. शिक्षण सातवीपर्यंत, पेशा ट्रक चालवण्याचा. वीस-बावीस वर्षे झाली, त्यांच्या ट्रकात बहुतेक वेळा कांदाच असतो. घोडेगावच्या बाजारात गोण्या भरायच्या आणि मालक सांगेल तिकडे निघायचे. कधी हैदराबाद, कधी दिल्ली, तर कधी थेट बंगालमध्ये बनगावजवळची पेट्रापोलची सीमा. घरात चार मुले शिकतात. थोरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. मधली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. धाकटा बारावीला. आणि चुलतभाऊ, ज्याचे अब्बा सौदीत दम्मामला असतात, तो श्रीरामपूरहून येऊन इथेच राहून बी.कॉम. करतो. या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. दादी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात, "हमारे घर में चार-चार कॉलेजवाले हैं."

एका रविवारी मगरिबनंतर आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. थोरल्याची परीक्षा जवळ आली होती आणि हातात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे गाईड होते. आम्ही सहज म्हणून विचारले, "संयुक्त राष्ट्रसंघ कधी स्थापन झाला?"

"२४ ऑक्टोबर १९४५. मूळ सदस्य ५१. सुरक्षा परिषदेत कायम सदस्य ५, अस्थायी १०. मुख्यालय न्यूयॉर्क." एका दमात उत्तर आले. अचूक.

मग आम्ही विचारले, "ऑगस्ट २०२४ मध्ये तुझ्या अब्बांचा ट्रक पेट्रापोलला का अडकला होता?"

तो थांबला. गाईड मिटून म्हणाला, "तिकडं काहीतरी दंगल झाली होती ना, चाचा?"

स्नेही हसले. त्यांनीच सांगायला सुरुवात केली. ५ ऑगस्टला ढाक्यात शेख हसीना पंतप्रधानपद सोडून देशाबाहेर गेल्या, त्या दिवशी ते सीमेच्या अलीकडे रांगेत होते. पलीकडचे जकातीचे काम बंद पडले. पुढेही ट्रक, मागेही ट्रक. पावसाळी दमट हवा. ताडपत्री काढून वारा द्यावा तर पाऊस, झाकून ठेवावे तर कांदा घाम सोडतो. गोण्यांतून पाणी ठिबकायला लागले तेव्हा मालकाला फोन केला, तर मालक म्हणाला, थांबा. "काहीतरी दंगल नव्हती ती," ते मुलाला म्हणाले. "सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्यावरून आंदोलन पेटलं होतं. आणि केलं कुणी माहीत आहे का? कॉलेजातल्या पोरांनी. तुझ्याच वयाच्या."

खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. राज्यशास्त्राच्या पदवीपासून एका परीक्षेच्या अंतरावर असलेला मुलगा आणि सातवी शिकलेला बाप, आणि जगाची खबर बापाकडे. मुलाची चेष्टा करावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. मुलगा मेहनती आहे, दोन वर्षे पहिल्या वर्गात पास झाला आहे. त्याला जे विचारले जाते ते त्याला येते. प्रश्न असा की त्याला काय विचारले जाते.

कांद्याचेच घ्या. नगर, राहुरी, पारनेर, नेवासे या तालुक्यांत कांदा हे घराचे अर्थशास्त्र आहे. शेतकऱ्याचे तर आहेच, पण हमालाचे, गोण्या शिवणाऱ्या बाईचे, ट्रकवाल्याचे, आडत्याकडे वह्या लिहिणाऱ्याचेही. आणि या कांद्याची दोरी गेल्या काही वर्षांत कुठे कुठे ओढली गेली ते पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. आधी म्हणाले ३१ मार्चपर्यंत, नंतर मुदत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनामागे किमान ५५० डॉलरच्या भावाची अट आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरात ती अट गेली, शुल्क २० टक्के झाले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. एवढ्या काळात मलेशिया, अमिराती, श्रीलंका, बांगलादेश इथले घेणारे काही हात जोडून बसले नव्हते. त्यांनी दुसरीकडे माल शोधला. बांगलादेशचे आणखी एक आहे. त्यांचा स्वतःचा कांदा बाजारात आला की त्यांचे सरकार आयातीचे परवाने थांबवते, आपल्या शेतकऱ्याला सांभाळते. म्हणजे दिल्लीतला निर्णय, ढाक्यातला निर्णय आणि घोडेगावातला लिलाव ही एकच साखळी. ही साखळी ज्याला उलगडता येते त्याला 'आंतरराष्ट्रीय संबंध' समजले असे आम्ही म्हणू. कॉलेजातल्या तासाला यातले एक उदाहरण जरी आले असते, तरी त्या मुलाने अब्बांना स्वतःहून विचारले असते.

चुलतभावाची गोष्ट थोडी वेगळी. त्याला सौदीतला पगार रियालमध्ये किती आणि रुपयांत किती होतो हे तोंडपाठ आहे, कारण दर महिन्याला पैसे येतात. पण त्याच्या अब्बांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन चेकचा शेरा का आहे, हे त्याला माहीत नव्हते. दहावी पास नसलेल्या माणसाला सौदी, कुवेत, कतार अशा ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. १९८३ च्या कायद्यातली ही तरतूद आहे. दलालाने फसवू नये, पगार-पाणी ठरल्याप्रमाणे मिळावे, हा हेतू. दहावी पास झालेल्याला ती अट नाही. "म्हणजे मी गेलो तर मला लागणार नाही?" त्याने विचारले. लागणार नाही, बेटा. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुझा करारनामा तुलाच वाचावा लागेल, तो सरकारी खिडकीतून तपासून येणार नाही. बी.कॉम.ला व्यापारी कायदा शिकतोस ना? मग अब्बांना त्यांच्या कराराचा फोटो पाठवायला सांग आणि एकदा बसून वाच. कोणता महिना, किती तास, सुट्टीचे तिकीट कुणाचे, पासपोर्ट कुणाकडे. आपल्या कितीतरी घरांतली माणसे आखातात आहेत आणि त्यांचे करार मात्र घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाने वाचलेले नसतात.

कुणी म्हणेल, आजची मुले बेखबर कुठे आहेत? त्यांच्या हातात चोवीस तास फोन आहे. गाझा, इराण, युक्रेन, सगळे त्यांना आपल्या आधी कळते. खरे आहे, आधी कळते. काय कळते ते त्याच घरात घडलेल्या एका प्रसंगावरून सांगतो.

धाकट्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. एक उंच इमारत क्षणात जमीनदोस्त होते, लोक ओरडत पळतात. वर लिहिले होते, गाझावर आजचा हल्ला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तो स्टेटसला ठेवला, खाली चार कडक ओळी स्वतःच्या लिहिल्या आणि शेवटी आपल्याच गावातल्या कुणाला तरी टोमणा. वय सतराचे. ताईने तो पाहिला. ती सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड पाहणारी मुलगी, तिने व्हिडिओही तसाच पाहिला. थांबवून, पुन्हा मागे नेऊन. दुकानांच्या पाट्या अरबीत नव्हत्या, रोमन लिपीत होत्या, आणि अक्षरांवर-खाली टिंबे-शेपट्या होत्या. तुर्की भाषा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात मोठा भूकंप झाला होता, ६ तारखेला. पन्नास हजारांहून जास्त माणसे गेली. त्या भूकंपातली ती इमारत होती. तिने भावाला हाक मारली, ओरडली नाही, फक्त पाटी दाखवली. स्टेटस पाऊण तासात उतरले.

पाऊण तास. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये काय झाले ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. मोबाइलवरचे स्टेटस, मग मोर्चा, मग दगड, मग दुकानांच्या फुटलेल्या काचा. आपल्या मुलाचे एक चुकीचे स्टेटस म्हणजे पोलीस ठाणे, वकील, बुडालेले वर्ष आणि पुढे प्रत्येक नोकरीच्या अर्जात एक अडचणीचा रकाना. ही भीती आम्ही घालत नाही, ती घराघरात आहेच. पण आम्हाला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा तोटा. गाझात जे घडले ते दाखवायला भूकंपाच्या चित्रांची गरज नाही. तिथले खरे दुःख पुरेसे आहे. एक खोटा व्हिडिओ उघडा पडला की समोरचा माणूस दहा खऱ्यांवरही विश्वास ठेवत नाही. ज्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आले, त्यांच्याच विरुद्ध साक्ष दिल्यासारखे होते ते.

सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट ताकीद आहे की भरवशाचा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. ही आयत आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकली आहे. मोबाइल हातात घेताना किती जणांना आठवते?

आणि जगाची खबर ठेवणे हे काही आजचे फॅड नाही. मक्केतल्या मूठभर ईमानवाल्यांना रोमन आणि पर्शियन यांच्या लढाईशी काय घेणे-देणे होते? तरी सूरह रूमची सुरुवातच रोमनांच्या पराभवाच्या उल्लेखाने आणि काही वर्षांत ते पुन्हा जिंकतील या बोलाने होते. पर्शियनांनी ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले होते, आणि ६२७ मध्ये निनेव्हेजवळ हेराक्लियसने त्यांना हरवले. कुरैशांचे काफिले हिवाळ्यात-उन्हाळ्यात येमेन आणि शामकडे जात. वाटेत कोण लढतो, कुठली सीमा बंद आहे, हे त्यांना कळणे भाग होते. आमच्या स्नेह्यांच्या ट्रकसारखेच म्हणा ना! आणि मक्केत जीव नकोसा झाला तेव्हा सोबत्यांना हबशाकडे जायला सांगताना प्रेषित मुहम्मद (स.) यांना तिथला राजा न्यायी आहे हे ठाऊक होते. समुद्रापलीकडच्या, दुसऱ्या धर्माच्या राजाची नीट माहिती होती, म्हणून ती माणसे वाचली. पुढे मदिनेत जैद बिन साबित यांना त्यांनी ज्यूंची लिपी शिकायला लावली, पत्रव्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये म्हणून.

त्याच हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला जात जात एक मुलगा नगरला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. मलिक अंबर. आपले नगर जगापासून कधी तुटलेलेच नव्हते. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये ओतली गेली ती नगरला, आणि ओतणारा रूमी खान होता. पुढे इंग्रजांनी आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले कैदी नगरला आणून ठेवले, पहिल्या महायुद्धात जर्मन आणून ठेवले. जगात कुठेही भांडण झाले की त्याची एक खोली नगरात असायची, असे आम्ही गमतीने म्हणतो.

आणि मग १९४२. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या कार्यकारिणीला पकडले, गांधीजींना पुण्याला नेले आणि बाकीच्यांना भुईकोट किल्ल्यात आणले. अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. सोबत नेहरू, सरदार पटेल, आसफ अली, डॉ. सय्यद महमूद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत. नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि प्रस्तावनेत सोबत्यांच्या चर्चेचे ऋण मान्य केले. शाळेची सहल किल्ल्यात जाते तेव्हा मुलांना नेहरूंची खोली दाखवतात. मौलानांचे नाव त्यात ओझरते येते.

मौलाना कुठल्या शाळेत गेले नाहीत, कॉलेजात गेले नाहीत. १८८८ मध्ये मक्केत जन्म, कलकत्त्यात घरी वडिलांकडे आणि उस्तादांकडे शिक्षण. तरुणपणी इराक, इजिप्त, तुर्कस्तान पाहून आले. इंग्रजी स्वतःच्या कष्टाने शिकले. १९१२ मध्ये 'अल-हिलाल' सुरू केले तेव्हा वय चोवीसही पुरे नव्हते. त्रिपोलीत इटली काय करते आहे, बाल्कनमध्ये काय चालले आहे, हे कलकत्त्याच्या गल्लीतल्या उर्दू वाचणाऱ्या माणसाला त्यांनी आठवड्याला सांगितले. इंग्रजांना ते इतके झोंबले की आधी जामीन मागितला, मग पत्र बंद पाडले.

अशा माणसाला नगरच्या किल्ल्यात सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रही मिळाले नाही. जगात महायुद्ध पेटलेले, देशात 'चले जाव', आणि आत काही खबर नाही. पुढे वर्तमानपत्र मिळू लागले. याच काळात मौलानांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. पाठवता येणार नाहीत हे माहीत असूनही लिहिली. ती १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तक होऊन आली. १९४३ च्या वसंतात कलकत्त्याला त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम आजारी होत्या. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या जेलरची पावले ऐकली की काळीज धडधडायचे, आज काय छापून आले असेल कोण जाणे, तरी चेहऱ्यावर काही दिसू न देता कागद हातात घेत असू, असे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. ९ एप्रिल १९४३ ला त्या गेल्या. भेटीसाठी सुटका मागायची नाही हे मौलानांनी आधीच ठरवले होते.

हे सारे आम्ही त्या रविवारी मुलांना सांगितले, तेव्हा धाकटा म्हणाला, "एवढं घडलं आणि आपण रोज तिथून जातो?" भिंगार नाल्याच्या बाजूने त्याची क्लासची वाट आहे.

हेच मौलाना १९४७ पासून २२ फेब्रुवारी १९५८ ला इंतकाल होईपर्यंत देशाचे शिक्षणमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळतात. कॉलेजात त्या दिवशी फोटोला हार घालतात, भाषण होते. त्यांच्या नावाची, अल्पसंख्य समाजातल्या पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची फेलोशिप मात्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचे लोकसभेत सांगितले. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच सुमारास थांबली. आमच्या घरातली बी.एस्सी.वाली मुलगी पुढे संशोधन करू म्हणते. तिला या दोन्ही गोष्टींची वार्ता नव्हती. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींनाही नव्हती. स्वतःच्या वाटेवरचा पूल पडला तरी कळत नाही, आणि त्याच वेळी अमेरिकेच्या अध्यक्षाने काल काय ट्विट केले ते पाठ असते. याला जागरूकता म्हणायला आमची जीभ वळत नाही.

स्पर्धा परीक्षेचे वर्ग नगरात गल्लोगल्ली आहेत, तिथे 'चालू घडामोडी' शिकवतात असे पालक म्हणतात. शिकवतात, पण कशा? कुठल्या देशाचा पंतप्रधान कोण, कुठली परिषद कुठे भरली, कुठल्या निर्देशांकात भारत कितवा. महिन्याचे मासिक घ्यायचे, रेघा मारायच्या, परीक्षा झाली की विसरायचे. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे, तिथे का आणि कसे हे लिहावे लागते. त्यामुळे नाइलाजाने का होईना, काही बदल होईल अशी आशा ठेवायला हरकत नाही.

पण सगळे कॉलेजवर ढकलून पालकांनी मोकळे होऊ नये. आमच्या लहानपणी मुकुंदनगर, झेंडीगेट भागात कितीतरी घरांत रात्री रेडिओला कान लावून म्हातारी माणसे बीबीसी उर्दूचे 'सैरबीन' ऐकत. खरखर फार. मुलांनी दंगा केला की दादांची काठी आपटायची. त्यांच्यातल्या अनेकांना सही धड येत नव्हती, पण सुवेझ कुठे आहे आणि नासर कोण हे माहीत होते, कारण बातमी ऐकून झाल्यावर ओट्यावर तासभर वाद व्हायचा. कुणी काही फेकले तर दुसरा टोकायचा. आज बातमी प्रत्येकाच्या कानात वेगळी, इअरफोनमधून. टोकणारा कुणी नाही. आमच्या मते खरा फरक तिथे पडला.

त्या रविवारी उठताना आम्ही थोरल्याला एकच काम सांगितले. रोज एक बातमी घरात मोठ्याने वाचायची, ती दुसऱ्या एका ठिकाणी ताडून पाहायची, आणि अब्बांना फोनवर सांगायची, मग ते कुठल्याही रस्त्यावर असोत. नगरचे जिल्हा वाचनालय दीडशे वर्षांहून जुने आहे. तिथे जाऊन बसलास तर वर्तमानपत्रे फुकट वाचायला मिळतील, हेही सांगितले. तो हो म्हणाला. मुले हो म्हणतातच, म्हणून आम्ही फार मनावर घेतले नाही.

महिन्याभराने पुन्हा गेलो. बैठकीच्या भिंतीवर, मक्का-मदिनेच्या तसबिरीच्या शेजारी, जगाचा नकाशा लागला होता. कापड बाजारातून आणला म्हणे, दीडशे रुपयांना. दम्मामवर ताईने लाल टिकली चिकटवली होती. इथिओपियावर धाकट्याने हिरव्या शाईने 'मलिक अंबर' लिहून ठेवले होते. दादी सांगत होत्या की रोज रात्री जेवण झाल्यावर पोरे इथे उभी राहून भांडतात आणि झोप मोडतात. थोरल्याचा पेपर झाला होता. कसा गेला विचारले, तर म्हणाला, "सुरक्षा परिषदेवरचाच प्रश्न आला, चाचा. पण मी शेवटी बांगलादेशचं उदाहरण घातलं. मार्क देतील का नाही माहीत नाही."

स्नेही त्या दिवशी घरी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बंगालकडे निघायचे होते. ते चष्मा लावून नकाशापाशी गेले, बराच वेळ कलकत्त्याच्या वर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "यात पेट्रापोल दिलेलंच नाही." मग मुलीकडून पेन मागून घेतला आणि सीमेवर, जिथे त्यांचा ट्रक उभा राहिला होता, तिथे एक ठिपका काढला.